कासविणीचं कण्हणं

३ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद घे आणि आधी बूड टेकून बस, पत्र लांब आहे. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी जावा एकदम बोलतो, मग एकदम थांबतो, आणि शेवटी कळतं काय, तर दोघी जिवंत आहोत. पत्रात निदान तू मधे बोलत नाहीस.

सुखरूप पोचले. टिटवीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा ओला आहे, महिन्यापासून ओलाच आहे म्हणे, कारण रंगवणाऱ्याला रोज वेगळा निळा सुचतो. हे गावच असं. धड मोठं नाही, धड लहान नाही, आणि जो तो कलाकार. दूधवाला फोटो काढतो. खालचा दाताचा डॉक्टर ट्रम्पेट वाजवतो, आणि पेशंटच्या तोंडात हात घालून विचारतो, काल रात्रीचं कसं वाटलं. पेशंट बिचारा काय बोलणार.

आपल्या नातीचा धंदा तुला ठाऊक आहेच, आवाज द्यायचा. बँकेत फोन लावला की ‘कृपया थोडा वेळ थांबा’ म्हणते ती आपली टिटवी, आणि लिफ्टमधे ‘दार बंद होत आहे’ म्हणते तीही टिटवीच. अख्ख्या गावाला दाराचं सांगते आणि स्वतः घराचं दार सताड उघडं टाकून जाते. आता गळाच बसला. डॉक्टर म्हणाला, अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. पोरीच्या गळ्यात पाटी अडकवलीय. जन्मल्यापासून जी गप्प बसली नाही ती आता माझ्याकडे बघून पाटीवर लिहिते, ‘आजी, मीठ.’ मला मेलीला हसू आवरत नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा ती तिच्या स्टुडिओत राहिलेलं काम समजावून द्यायला गेली, मलाही नेलं. तिथे एक काचेची खोली आहे. आत चारी भिंतींना गाद्या. छतालाही गादी. बाहेर एक माणूस कानाला यंत्र लावून बसतो, त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण पलीकडच्या रस्त्यावर कुणी शिंकलं तरी तो हात वर करून काम थांबवतो. आत कुणी एक मुलगा घसा साफ करून औषधाची जाहिरात म्हणत होता. मी त्याच्यामागे बुटक्या स्टुलावर. गुडघे आखडले म्हणून उठले, आणि तोंडातून आपलं नेहमीचं गेलं. तुला माहीत आहे ते. ‘आई गं’ मधला ‘आई’ पोटात आणि ‘गं’ बाहेर.

कानसेनने हात वर केला. मला वाटलं, झालं, आता आपली पाठवणी. त्याने ते कण्हणं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग त्या मुलाला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाला, आजी, परत एकदा बसा आणि उठा.

धाकटे, मला काम लागलंय. कण्हायचं काम. वाचायचं काही नाही, पाठ करायचं काही नाही. तू जन्मभर बोलत आलीस की अक्का उगाच कण्हतात. उगाच नव्हतं गं, तो रियाज होता.

तुझी थोरली


९ फेब्रुवारी

अक्कांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग वकिलाला वाचायला दिलं. पोटचा मुलगा असला तरी तो असं तोंड करून वाचतो की वाटतं आपणच आरोपी.

अक्का, मी स्पष्टच विचारते. चारी भिंतींना गाद्या कुठल्या खोलीला लावतात हे मला कळतं. माणसाने डोकं आपटून घेऊ नये म्हणून लावतात. वर काच, म्हणजे बाहेरून नजर ठेवता यावी. आणि बाहेर बसणारा माणूस तुम्हाला पुन्हा पुन्हा उठा, बसा, कण्हा सांगतो, म्हणजे तो डॉक्टर आहे. तुम्हाला काम म्हणून सांगितलं असेल. तसंच सांगतात. माझ्या माहेरी एकाला तुम्ही स्टेशनमास्तर आहात असं सांगून ठेवलं होतं, शिट्टीसुद्धा दिली होती.

वकील म्हणतो, आई, कुणी सांगावं, शहरात काहीही असतं. मी म्हटलं, शहरात काहीही असेल, पण अक्कांचं कण्हणं कुणी मागून घेईल एवढं नसेल. मी एका भिंतीपलीकडे झोपत होते. रात्र रात्र ऐकलंय.

टिटवीचा गळा खरंच बसलाय, की तिला बोलू देत नाहीत? मला खरं कळवा. आणि कण्हण्याआधी तुम्हाला काही प्यायला देतात का, तेही लिहा. त्या लोकांशी वाद घालू नका. म्हणतील तसं कण्हा.

तुमची धाकटी

ता. क. आज वार कोणता ते उलट टपाली लिहा.


१४ फेब्रुवारी

धाकटे,

आज शुक्रवार. वार विचारायला टपालाचा खर्च कशाला गं, शेजारी विचारायचंस.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग ओळखलं. तुला मत्सर वाटतोय. वाटू दे, मला वाटला असता तर मीही गाद्याबिद्या काढून बसले असते. इतकी वर्षं एका घरात काढली, भाजी निवडायला आपण दोघी, पाहुण्यांसमोर यायला आपण दोघी, फोटोतही आपण दोघी, आणि आता एक गोष्ट एकट्या थोरलीला मिळाली.

प्यायला देतात, हो. कोमट पाणी. आणि हिरवं आंबट सफरचंद, ते खाल्लं की तोंड चिकट होत नाही, नाहीतर जीभ चटचट वाजते आणि कानसेनला ती भिंतीवर पाल चुकचुकल्यासारखी ऐकू येते. आत जाण्याआधी बांगड्या काढून घेतात, घड्याळ काढून घेतात, कडक कपडा घातला असेल तर बदलायला लावतात. मग दार लावतात. बाहेरून. वर लाल दिवा लागतो. पोट गुरगुरलं तर उशी देतात, ती पोटाशी घट्ट धरून उभं राहायचं. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे शेवटी मला काहीच करायला लावत नाहीत. नुसतं उभं राहायचं, श्वाससुद्धा हळू, आणि कानसेन त्या खोलीची शांतता भरून घेतो. म्हणतो, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, दोन वाक्यांमधे ती सांडावी लागते. मी म्हटलं, आमच्या धाकटीच्या दोन वाक्यांमधे सांडायला जागाच नाही.

या आठवड्यात मी काय काय झाले सांगू? बिस्किटाच्या जाहिरातीत चावणारं तोंड झाले. बिस्किट चावलं की चिखल तुडवल्यासारखं वाजतं, म्हणून गाजर चावायचं. गादीच्या जाहिरातीत समाधानाने झोपलेली बाई झाले, त्यात मला खरंच झोप लागली आणि लोक बोटांवर चालत बाहेर गेले. आणि काल मी दार झाले. भुताच्या गोष्टीत एक दार उघडतं. सुताराने चार दारं आणून दाखवली, एकही पसंत नाही पडलं. मी सहज उठले तर माझा उजवा गुडघा वाजला. चार दारं परत गेली. सुतार माझ्या गुडघ्याकडे असा बघत होता की मी पदर ओढून घेतला.

आता कासवीण. एक मोठा कार्टून सिनेमा होतोय, त्यात जगातली सगळ्यात म्हातारी कासवीण आहे. ती पूर्ण सिनेमात अक्षर बोलत नाही. नुसती उसासे टाकते, धापा टाकते, कण्हते. सिनेमा करणारी पोरगी जाड चष्म्याची, पेन्सिल कानावर ठेवून केसात शोधते. तिने मला ऐकलं आणि म्हणाली, हीच. टिटवी पाटीवर लिहायला गेली, पण लिहवेना, नुसती माझ्याकडे बघून डोळे पुसत होती.

सांग तुझ्या वकिलाला. घरात बसून मी जे फुकट करत होते ते इथे दिवा लावून करते.

तुझी थोरली


२० फेब्रुवारी

अक्कांस नमस्कार.

पत्र पोचलं. सगळं वाचलं. बरोबर आहे तुमचं.

तुम्ही दार झालात हे ऐकून आनंद झाला. छानच झालं. तुम्ही कासवीण होणार तेही छान. तुम्ही म्हणाल ते व्हा. टिटवी रडत होती म्हणालात, तिला सांगा, धीर धर.

इथे सगळं ठीक. वकिलाशी माझं बोलणं झालंय. कशाबद्दल ते काही विशेष नाही. तुमचा मुलगा नेहमीप्रमाणे वकिलाच्या होला हो म्हणाला. खिडकीजवळच्या तुमच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही, चष्मा आणि वर्तमानपत्र ठेवून दिलंय, म्हणजे कुणी बसल्यासारखं वाटतं.

एक चमत्कारिक गोष्ट सांगते. भिंतीपलीकडून कण्हणं अजून ऐकू येतं. मी वकिलाला उठवलं, म्हटलं, अक्का परत आल्या का बघ. तो म्हणाला, आई, ते तूच आहेस, झोप. काहीही बोलतो. कोर्टात खोटं बोलायची सवय लागली की घरातही सुटत नाही.

जपून राहा. गाजर नीट चावा.

तुमची धाकटी


२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुला बरं आहे ना? ‘बरोबर आहे तुमचं’ असं तू मला लग्न होऊन घरात आल्यापासून कधी म्हटलं नाहीस. मी ते वाक्य टिटवीला दाखवलं. तिने पाटीवर लिहिलं, ‘काकूआजीला डॉक्टरकडे न्या.’

बरं, माझ्यावर इथे संकट आलंय आणि ते तुलाच सांगता येईल. माझं कण्हणं गेलं.

हसू नकोस. झालं काय, इथे माझं सगळं चांगलं चाललंय. झोप लागते. तीन जिने रोज चढून गुडघे मोकळे झाले. सकाळी डोळे उघडले की आज आपण काय होणार याचीच उत्सुकता. सुखाने माणसाचा आवाज गुळगुळीत होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. परवा कासवीण कड्यावरून घसरून उताणी पडते तो भाग होता. पाय वर, पाठ खाली, आणि समुद्र डोळ्यासमोर असून जाता येत नाही. मी जीव तोडून कण्हले. कानसेन यंत्र काढून ठेवत म्हणाला, आजी, ही कासवीण मजेत आहे.

पुन्हा केलं. म्हणाला, आता ती सहलीला आलीय.

टिटवीने मला गुडघे टेकून फरशी पुसायला लावली, की जुनं दुखणं येईल. फरशी लख्ख झाली, दुखणं आलं नाही. चष्मेवालीने येत्या शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाही जमलं तर कासवीण एका निवृत्त नटाला देणार. मी त्याला ऐकलं. तो कण्हतो आणि टाळ्यांसाठी जागा सोडतो. आणि टिटवीचा आवाज आता उघडतोय, काल चहाच्या कपाला ‘गरम’ म्हणाली. म्हणजे मला इथे राहायला निमित्त उरलं ते या कासविणीचंच. ती गेली की वकील गाडी पाठवणार आणि मी पुन्हा खिडकीजवळ. खुर्ची चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण धाकटे, मला इथे लोक ‘शांत राहा, आजी करतायत’ असं म्हणतात. आपल्या घरात कुणासाठी कधी कुणी शांत राहिलंय?

तर एवढं कर. मला चार शब्द टाकून लिही. पूर्वी लिहायचीस, बोलायचीस, तसं. माझ्या वरणाला, चालीला, माहेराला, कशालाही. तुझा एक टोमणा लागला की मी आठ दिवस कण्हत असे. आता तूही गोड झालीस तर मी कुणाकडे बघायचं?

लवकर पाठव. शुक्रवार जवळ आलाय.

तुझी थोरली


८ मार्च

धाकटे,

टोमणे मागवले तर तू स्वतःच आलीस, आणि गेलीस ती चहासुद्धा न घेता, माझ्याकडे न बघता. आता काचेच्या बाहेर तू होतीस, आत मी होते. आतलं काय झालं ते तरी ऐकून घे.

शुक्रवारचा शेवटचा प्रयत्न चालला होता. मी खाली गोधडीवर उताणी, पाय खुर्चीवर, कारण चष्मेवालीला वाटलं तसं झोपल्याने कासवीण अंगात येईल. तोंडावर माईक टांगलेला. लाल दिवा चालू. कण्हत होते आणि प्रत्येक कण्हण्यानंतर कानसेन मान हलवत होता. तेवढ्यात तू दारात. काखेत घरची घोंगडी, हातात माझी उशी. मला उताणी बघून तुझं जे तोंड झालं ते मी विसरणार नाही. मला तुझं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, बाहेरच्याने बटण दाबल्याशिवाय आत काही येत नाही. पण हातवारे कळत होते. कानसेनने नंतर सांगितलं, तू म्हणालीस, ही बाई शहाणी आहे, फक्त बडबडी आहे, हिला सोडा, खाली गाडी उभी आहे. आणि गाडी म्हणजे दवाखान्याची, आत पलंग असलेली. वकील खाली पोलिसाशी भांडत होता, की इथे उभी करायची की नाही, म्हणून वर आलाच नाही. ते बरं झालं.

मग टिटवीने तुला सगळं समजावलं, अर्धं पाटीवर, अर्धं नव्या आवाजात. तू ऐकलंस. आणि तीन जिने चढून दमलीस म्हणून कानसेनच्या मागच्या कोचावर बसलीस.

धाकटे, तू बसताना काय केलंस ते मला ऐकू नाही आलं, पण दिसलं. कानसेनचं डोकं गर्रकन फिरलं. चष्मेवालीने पेन्सिल खाली ठेवली. ती तुझ्याजवळ आली, काही बोलली. तू उठलीस आणि परत बसलीस. तेव्हा मला कळलं. पहिल्यांदा बसते ती बाई दमलेली असते. दुसऱ्यांदा बसते ती कामाला लागलेली असते.

मी आत उताणी. उठायचं म्हटलं तर एकटीला उठवेना. काचेपलीकडे सगळे तुझ्याभोवती. आयुष्यात एक गोष्ट माझी एकटीची झाली होती आणि तीही तू उशी घेऊन येऊन नेलीस. आणि मग छातीच्याही खालून, मला ठाऊक नसलेल्या ठिकाणाहून, एक कण्हणं आलं. मी केलं नाही. ते झालं.

लाल दिवा चालूच होता.

कानसेन असा वळला की त्याची खुर्ची भिंतीवर आपटली. बटण दाबून तो एवढंच म्हणाला, ‘आजी, समुद्र दिसला.’

कासवीण माझी झाली. तीन आठवड्यांचं काम आहे, तिला पलटायचं आहे, चालायचं आहे, पाण्यात शिरायचं आहे, आणि आता रोज ते खालचं कण्हणं येतं, कारण रोज मला तुझं तोंड फिरवून निघून जाणं आठवतं. काम छान होतंय आणि मला जेवण जात नाही. त्यानंतर एका जुन्या जहाजाचं काम आहे, त्याची लाकडं रात्रंदिवस कुरकुरतात, पण कानसेन म्हणतो, एकीच्या गुडघ्याने जहाज होत नाही. ते कसं जमेल बघू.

तुला कासवीण हवी होती का? हवी असेल तर तसं लिही. रागावली असशील तर रागाचं लिही. पण लिही.

तुझी थोरली


३० मार्च

अक्कांस नमस्कार.

तुमची मागची सगळी पत्रं मिळाली. उत्तर मुद्दाम दिलं नाही. टिटवीने काल कळवलं की तुमची कासवीण शेवटी पाण्यात गेली आणि काम संपलं, म्हणून आता लिहिते. आधी लिहिलं असतं तर घोटाळा झाला असता.

त्या चष्मेवालीने मला विचारलं होतं, तुम्ही कराल का कासवीण? तुम्हाला काचेतून ते दिसलं, पण मी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी म्हणाले, कासवीण आमच्या अक्का आहेत, मी नुसती बसले. ती म्हणाली, मग परत बसून दाखवा, त्यांना शिकवता येईल. म्हणून बसले. शिकवायला, अक्का. न्यायला नाही.

हे मी तुम्हाला सांगायला उठणार, तोच तुमचं ते कण्हणं आलं. तिथल्या भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हसत सुटला असता आणि कासवीण त्या टाळ्यावाल्या नटाला गेली असती. म्हणून तोंड फिरवलं. चहा नको म्हणाले, आणि चहाची मला इतकी तलफ आली होती की गाडीत डोकं चढलं. त्या पलंगावर मग मीच आडवी होऊन घरी आले. महिनाभर गप्प बसणं मला किती जड गेलं ते टिटवीला विचारा, तिलाच कळेल.

टोमणे मागितले होतेत, तेही घ्या. तुमचं वरण पातळ असतं. तुमच्या माहेरी माणसं कमी आणि मोठेपणा जास्त. आणि तुमचं अक्षर असं, की पत्र वाचायला निम्मा वेळ आणि क्षमा करायला निम्मा. सध्या एवढ्यावर भागवा. बाकीचे तिथे येऊन समोरासमोर देईन, तसे ते जास्त लागतात.

हो, येतेय. गुरुवारी. त्या जहाजाबद्दल मी विचार केलाय. तुमचा उजवा गुडघा वाजतो, माझे दोन्ही वाजतात. त्या कानसेनला सांगा, दुसरी कुणी बघू नको.

वकिलाची काळजी करू नका, त्याला वरचं काही माहीत नाही. तो तुम्हाला महिनाअखेर आणायला निघालाच होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मी डोळ्यांनी बघून आलेय, गाद्यांच्या खोलीत ठेवलंय, स्वतःला कासव समजतात. डॉक्टर म्हणाले, गुण येतोय पण उपचार वर्षभर चालतील, मधे हलवायचं नाही, आणि घरचं एक माणूस जवळ लागेल.

बिचारा रडला हो. माझी बॅग त्यानेच भरली.

तुमची धाकटी